पडद्यावर न दिसणारा खून

नमस्कार श्रोतेहो. सिनेमातलं कोर्ट म्हटलं की हातोडा आपटणारे न्यायाधीश डोळ्यांपुढे येतात, "ऑर्डर, ऑर्डर" ऐकू येतं, आणि ऐन वेळी दार ढकलून आत आलेला साक्षीदार सगळा खटला फिरवतो. ज्यांनी खऱ्या कोर्टाच्या बाकावर एखादा दिवस काढला आहे, त्यांना यातलं क्वचितच काही भेटलं असेल. म्हणून आज मी एका जुन्या, कृष्णधवल चित्रपटाबद्दल बोलणार आहे. ऑटो प्रेमिंजर यांचा १९५९ सालचा 'ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर'. माझ्या मते कोर्टाच्या कामकाजाशी इतका प्रामाणिक राहिलेला दुसरा चित्रपट सापडणं कठीण आहे.

गोष्ट अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर भागात घडते. लष्करातला लेफ्टनंट मॅनियन, बार चालवणाऱ्या बार्नी क्विलला गोळ्या घालतो. क्विलने माझ्या बायकोवर बलात्कार केला, असं तो सांगतो. गोळ्या कोणी घातल्या याबद्दल वाद नाहीच. वाद आहे तो त्या क्षणी मॅनियनचं मन ताब्यात होतं की नव्हतं, याचा. आणि जवळजवळ पावणेतीन तासांच्या या चित्रपटात प्रेमिंजर ती रात्र एकदाही दाखवत नाहीत. फ्लॅशबॅक नाही, काही नाही. ज्यूरीच्या, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवायला बोलावलेल्या सामान्य नागरिकांच्या, खुर्च्यांवर बसलेल्या माणसांना जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं: साक्षीदार काय म्हणाले, कसे म्हणाले, कुठे अडखळले. मला या चित्रपटाचं मोठेपण सर्वांत जास्त इथेच दिसतं. दिग्दर्शकाने खरं काय ते दाखवून टाकलं असतं, तर आपण फक्त निकालाची वाट पाहत बसलो असतो. इथे आपल्यालाही साक्षीपुरावा तोलावा लागतो.

एक प्रसंग जरा नीट सांगतो. जेम्स स्ट्युअर्ट यांनी रंगवलेला बचावाचा वकील बीगलर तुरुंगात आपल्या अशिलाला भेटतो. खुनाच्या आरोपातून सुटायचे कायदेशीर मार्ग कोणते, हे तो एकेक करून समजावतो आणि तुझ्या बाबतीत हे लागू पडत नाहीत, असंही सांगतो. शेवटी एकच वाट उरते. ती तो स्वतः उच्चारत नाही, अशिलाला चाचपडू देतो. मॅनियन बोलता बोलता म्हणतो, मी वेडा झालो असेन. मग बीगलर त्याला, आपण नेमके किती वेडे झालो होतो ते आठवायला सांगून निघतो. साक्षीदार पढवणं आणि कायदा समजावून सांगणं यांच्यातली रेघ किती बारीक आहे, हे या काही मिनिटांत दिसतं. वकिली करणारी माणसं हा प्रसंग सहजासहजी विसरत नाहीत.

हे कोणी तरी आतून लिहिलं आहे, हे जाणवतं, आणि तसंच आहे. मूळ कादंबरीचे लेखक जॉन व्होल्कर यांनी १९५२ मध्ये अशाच एका खटल्यात बचावाचं काम पाहिलं होतं. पुढे ते मिशिगनच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश झाले. खरा खटला मार्केट काउंटीच्या ज्या कोर्टात चालला, तिथेच चित्रीकरण झालं. न्यायाधीशाच्या भूमिकेत तर खरेखुरे वकील आहेत: जोसेफ वेल्च. १९५४ मध्ये, लोकांवर कम्युनिस्ट असल्याचे आरोप करत सुटलेल्या सिनेटर मॅकार्थींना सगळ्या देशासमोर खडे बोल सुनावणारे तेच. त्यांच्या न्यायाधीशात बडेजाव अजिबात नाही. पीडित स्त्रीच्या अंतर्वस्त्राचा उल्लेख येणार हे कळल्यावर ते दोन्ही बाजूंच्या वकिलांना जवळ बोलावून दुसरा शब्द आहे का, विचारतात. मग प्रेक्षकांना बजावतात, काय हसायचं ते आत्ताच हसून घ्या; इथे एक माणूस मेला आहे आणि दुसऱ्याचं आयुष्य पणाला लागलं आहे.

उलटतपासणीत उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारू नये, हे नव्या वकिलांना हमखास सांगितलं जातं. इथे जॉर्ज सी. स्कॉट यांनी साकारलेला हुशार सरकारी वकील नेमकी तीच चूक करतो. मेरी नावाच्या साक्षीदाराला तो क्विलची रखेल ठरवू पाहतो, आणि उत्तर येतं की क्विल तिचे वडील होते.

आणखी एक जागा. न्यायाधीश ज्यूरीला एक विधान विचारात न घेण्याचा आदेश देतात. मॅनियन हळूच विचारतो, ऐकलेलं कसं विसरता येईल? वकील कबूल करतो, नाही येत. हे ऐकून मुंबईकरांना नानावटी खटला आठवावा. तोही १९५९ चाच. कमांडर नानावटींनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने त्यांची बाजू लावून धरली, आणि ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो कौल मान्य झाला नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

चित्रपटातला मॅनियन सुटतो. तो खरा होता की त्याने सगळ्यांना फसवलं, हे शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. वकिलाची फी बुडवून, एक चिठ्ठी मागे ठेवून तो बायकोसह पसार होतो. बीगलरला पुढचं काम मात्र लगेच मिळतं: मेलेल्या क्विलच्या मालमत्तेची कायदेशीर व्यवस्था पाहायचं.