वॉशिंग मशीन घेताना पाण्याचा आणि विजेचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

गणपतीची चवथ तोंडावर आली की म्हापसा, फोंडा, मडगावच्या दुकानांत वॉशिंग मशीनच्या खोक्यांची थप्पी लागते. घरात पाहुणे येणार, पडदे, चादरी, अभ्रे सगळं धुवायला निघणार, म्हणून नवं मशीन घ्यायचा विचारही याच दिवसांत होतो. दुकानात आपण विचारतो, किती किलोचं आहे, हप्ता किती बसेल, जुनं मशीन किती रुपयांना घेणार. एका धुण्याला पाणी किती लागतं, हा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं. तो विचारावा, यासाठीच मी आज आपल्याशी बोलतोय.

गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मग पाण्याची काळजी कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण पाऊस पडणं वेगळं आणि नळाला पाणी येणं वेगळं. 2019 च्या ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात, खांडेपारजवळ ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाहून येणाऱ्या जलवाहिन्या फुटल्या आणि फोंडा व तिसवाडीतल्या लोकांना टँकरची वाट बघत बसावं लागलं. बाहेर धो धो पाऊस आणि घरात कोरडी बादली! साळावलीचं असो, अस्नोड्याचं असो, की तिळारीच्या कालव्याचं, नळाला येणारं पाणी शुद्ध करून, पंपानं चढवून आपल्यापर्यंत पोचतं. म्हणजे पाणी वाया गेलं की त्याच्याबरोबर वीजही जाते.

आता मशीनकडे वळू. वरून कपडे टाकायच्या ऑटोमॅटिक मशीनमध्ये कपडे पाण्यात बुडावे लागतात. समोरून दार असलेल्या फ्रंट लोडमध्ये टोपलं आडवं फिरतं, कपडे वर उचलले जातात आणि खाली आपटतात. धोब्याच्या दगडावर होतं तेच काम तिथं थोड्याशा पाण्यात होतं. सात किलोच्या फ्रंट लोडला एका धुण्याला साधारण 50 ते 70 लिटर पाणी पुरतं. टॉप लोडला बहुतेक वेळा शंभराच्या पुढे लागतं. फरक 60 लिटरचा धरला आणि आठवड्यातून चारदा मशीन लावलं, तर वर्षाला साडेबारा हजार लिटरच्या जवळपास पाणी वाचतं. दहा हजार लिटरचा मोठा टँकर दारात उभा राहिलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा आकडा केवढा ते सांगायला नको.

विजेची गोष्ट निराळी. फ्रंट लोडमध्ये टोपलं फिरवायला वीज थोडीच लागते, खरी वीज खातो तो आतला हीटर. 15 लिटर पाणी 28 अंशांवरून 60 वर न्यायला अर्ध्या युनिटहून जास्त वीज लागते. आपल्याकडे नळाचं पाणी मुळातच कोमट असतं. तेव्हा रोजच्या कपड्यांना ते तापवायची गरजच नाही. आजचे डिटर्जंट साध्या पाण्यातही मळ काढतात. पण बऱ्याच मशीनमध्ये ‘कॉटन’ निवडलं की तापमान आपोआप 40 किंवा 60 वर जाऊन बसतं. तापमानाचं बटण दाबून ते ‘कोल्ड’वर आणा, मगच मशीन सुरू करा. आणि ‘इको’ला वेळ जास्त लागतो म्हणून तो टाळू नका. वेळ जास्त म्हणजे वीज जास्त, असं इथं नसतं.

आता एक गोष्ट खास आपल्या पावसाळ्याची. जूनपासून कपडे वाळत नाहीत, त्यांना कुबट वास येतो. मग बैठकीच्या खोलीत दोऱ्या बांधायच्या आणि रात्रभर पंखा सोडायचा. जुना पंखा 75 वॉटचा असतो. आठ तास फिरला की 0.6 युनिट वीज गेली. साध्या पाण्यात कपडे धुवायला मशीनला लागते त्याहून ही जास्त! म्हणून मशीन घेताना पिळण्याचा वेग जरूर बघा. मिनिटाला 700 फेऱ्यांवर पिळलेला टॉवेल हाताला जड लागतो, 1200 वर पिळलेला बराच हलका. जे पाणी मशीननं काही मिनिटांत काढून टाकलं, ते पंख्याला रात्रभर काढत बसावं लागत नाही. कपडे सुकवूनही देणारं मशीन मोहात पाडतं, पण त्याचा हीटर तासन् तास चालतो आणि वाफेचं पाणी करण्यासाठी अशी बरीच मशीन नळाचं थंड पाणीही वापरतात. घरात आजारी माणूस किंवा तान्हं मूल असेल तर त्याचा उपयोग आहे. नाहीतर मला तो खर्च पटत नाही.

दुकानात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं, म्हणजे बीईईचं, ताऱ्यांचं लेबल शोधा. नुसते तारे मोजून थांबू नका, त्यावरचे विजेचे आणि पाण्याचे आकडे वाचा. माणसं तीन असतील तर नऊ किलोचं मशीन कशाला? अर्धं रिकामं मशीन फिरलं म्हणून पाणी आणि वीज निम्मी होत नाहीत.

सेमी ऑटोमॅटिक वापरणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये. पाणी किती घ्यायचं ते तिथं आपल्याच हातात असतं, आणि पांढऱ्या कपड्यांचं साबणाचं पाणी पुढच्या रंगीत कपड्यांना चालतं. शेवटच्या खळबळण्याचं पाणी संडासात ओता, अंगण धुवा. साबणाचं पाणी मात्र माडांना रोज घालू नका, मातीत क्षार साठतात. गावात बहुतेक घरांचं सांडपाणी शोषखड्ड्यातच जातं. आपला जांभा सच्छिद्र, आणि विहीर चार पावलांवर! डिटर्जंट मापानंच घाला.

आता बसवतानाची एक गोष्ट. फ्रंट लोडच्या सांडपाण्याच्या नळीचं तोंड जमिनीवर सोडू नका. नाहीतर मशीन एका बाजूनं पाणी भरतं आणि दुसऱ्या बाजूनं ते आपोआप वाहून जातं. मशीन भरतच राहतं, आणि चांगलं, महागाचं मशीनही मग पाणी वाचवत नाही. माहितीपुस्तिकेत नळीची उंची दिलेली असते. बसवायला माणूस येईल तेव्हा तेवढ्या उंचीवर ती बांधून घ्या आणि पहिलं धुणं तो असतानाच लावून बघा.

नमस्कार.