चाळ पाडली, टॉवर चालवायचा कोणी?

मंडळी, माझी मावशी वरळीच्या बीडीडी चाळीत राहायची. खोली १६० चौरस फुटांची, त्यातच मोरी, वर पोटमाळा, आणि माणसं सात. संडास मजल्यावरच्या सगळ्यांना मिळून. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा मला तिचीच आठवण झाली. घरात स्वतःचा संडास असणं किती मोठी गोष्ट आहे, हे रात्री दोन वाजता तो लांबलचक अंधारा बोळ चालत गेलेल्या बाईला विचारा. तेव्हा पुनर्विकास नको, असं मी म्हणणार नाही. मला बोलायचंय ते चाव्या मिळाल्यानंतरच्या दिवसांबद्दल.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. बीडीडी हे नाव तिथून आलं. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून पैसा उभा केला आणि कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचं ठरवलं. प्रत्यक्षात झाल्या सुमारे १६ हजार. वरळीत १२१ चाळी, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, मधून बोळ. बांधकाम इतकं दणकट की शंभर वर्षं उभं राहिलं. पण सुरुवातीला कितीतरी खोल्या रिकाम्याच पडल्या होत्या! वरळी तेव्हा गिरण्यांपासून आडबाजूला, खोल्या कोंदट, आणि भाडं कामगाराच्या पगाराला झेपेना. सविनय कायदेभंगाच्या काळात तर वरळीच्या काही चाळी तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. गरिबांसाठी बांधलेलं घर, पण दरमहा त्याचे पैसे कोण आणि कशातून भरणार, हा हिशोब कच्चा राहिला होता.

आज तोच हिशोब पुन्हा समोर आहे.

योजना तुम्हाला माहीत आहे. जमीन सरकारची, काम म्हाडाकडे. मोकळ्या होणाऱ्या जागेवर विक्रीची घरं बांधायची आणि त्यांच्या पैशातून रहिवाशांना फुकट घर द्यायचं. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग (म्हणजेच डिलाईल रोड) मिळून १५,५९३ गाळे. शिवडीची जमीन बंदराची, म्हणजे केंद्र सरकारच्या हातातली, म्हणून तिथली माणसं अजून वाटच पाहतायत, आणि याचं मला फार वाईट वाटतं. वरळीत पुनर्वसनाच्या इमारती ४० मजल्यांच्या आहेत. पहिली १२ वर्षं देखभाल म्हाडा पाहणार आहे.

आणि तेराव्या वर्षी?

चाळीला लिफ्ट नव्हती. जिना बंद पडत नाही. चाळीस मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट, पाणी वर चढवणारे पंप, जनरेटर, आग विझवण्याची यंत्रणा हे सगळं रात्रंदिवस चालतं राहावं लागतं, आणि बारा वर्षांनी त्यातलं बरंचसं जुनं झालेलं असतं. म्हणजे मोठा खर्च नेमका सोसायटीच्या गळ्यात पडायच्या वेळेला येतो. नुसता हिशोबासाठी चौरस फुटाला महिना ६ रुपये धरा: ५०० फुटांचे ३ हजार होतात. पेन्शनवर एकट्या राहणाऱ्या आजीने ते कुठून आणायचे? चार घरांनी पैसे थकवले की लिफ्टवाल्याचं वार्षिक कंत्राट थांबतं, मग एक लिफ्ट बंद, मग दुसरी. पस्तिसाव्या मजल्यावरचा आजारी माणूस घरात अडकतो. शेवटी लोक मालकीचं घर भाड्याने देऊन विरार-बदलापूरला निघून जातात. सरकारला याचा दोष कुणी देत नाही, कारण कागदावर घर त्यांचंच असतं.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की विक्रीच्या घरांतून येणाऱ्या पैशांतला ठराविक हिस्सा प्रत्येक इमारतीच्या नावे कायमचा बाजूला ठेवला पाहिजे. त्याच्या व्याजातून लिफ्ट आणि अग्निशमनाचा खर्च भागावा. आणि तो आकडा करारात रुपयांत लिहिलेला हवा, भाषणात नको.

एक गोष्ट पैशांपलीकडची. बोळातली दारं दिवसभर उघडी असायची. मावशी कामाला गेली की तिच्या मुलांना समोरच्या काकू जेवायला वाढायच्या. हे पाळणाघर नकाशात कधीच नव्हतं. जांबोरी मैदान आहे, तिथे गणपती, कबड्डी, दहीहंडी होईल. पण रोजच्या या आधाराला मैदान पुरत नाही, मजल्यावरच जागा लागते. नायगाव आणि डिलाईल रोडच्या ज्या इमारतींचं काम अजून व्हायचं आहे, तिथे दर काही मजल्यांवर एक मोकळी खोली मागून घ्या.

आणि ज्यांना चाव्या मिळाल्या आहेत त्यांना विनंती. देखभाल आज म्हाडा करतेय, तरी वर्षाला लिफ्टवर किती, पंपावर किती, विजेवर किती खर्च झाला, हे आत्तापासून लेखी मागा आणि तळमजल्यावरच्या फलकावर लावा. बारा वर्षांचे बारा कागद हातात असले, तर सोसायटीचा ताबा घेताना तुम्हाला कुणी अंदाजपंचे आकडा सांगू शकणार नाही.