बार्बरा कासल: स्वतः गाडी न चालवणारी वाहतूकमंत्री, आणि फोर्डच्या १८७ बायका

नमस्कार मंडळी, माझी आई घरी ब्लाऊज शिवायची, फॉल-पिको करायची, दिवाळीच्या आधी तर रात्री दोन-दोनपर्यंत मशीनचा आवाज चालू असायचा, आणि तरी आमच्याकडे बाबांची ती नोकरी आणि आईचं ते "तेवढाच घरखर्चाला हातभार". त्यामुळे आजची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली ना तेव्हा माझ्या डोक्यातून गेलीच नाही कित्येक दिवस.

तर लंडनच्या बाजूला डॅगनम म्हणून जागा आहे, तिथे फोर्डचा प्रचंड मोठा कारखाना होता. तिथे १८७ बायका मशीनवर गाडीच्या सीटची कव्हरं शिवायच्या. घेताना टेस्ट घ्यायचे, मशीन नीट चालवता येते का, शिलाई सरळ येते का, सगळं बघून घ्यायचे, आणि एकदा घेतलं की ग्रेड कुठली, तर बी, म्हणजे कमी कौशल्याची. बरं त्या बी ग्रेडमध्ये पण पुरुषाला जो रेट त्याच्या ८५ टक्केच बाईला, म्हणजे आधी तुमचं कौशल्य मोजायचं नाही आणि मग जे मोजलं त्यातूनही कापायचं. ७ जून १९६८ ला ह्या बायका संपावर गेल्या. आणि सीटशिवाय गाडी बाहेर कशी जाणार, तीन आठवड्यांत फोर्डचं उत्पादन ठप्प व्हायला आलं.

तेव्हा रोजगार खात्याची मंत्री होती बार्बरा कासल. तिने संपातल्या बायकांना स्वतःच्या ऑफिसात बोलावलं, चहा पाजला, बसून सगळं ऐकून घेतलं. आज हे साधं वाटेल, पण तोवर वाटाघाटी करणारे बहुतेक पुरुषच होते, युनियनचे पण आणि कंपनीचे पण.

आता ही बाई कोण ते सांगते. जन्म १९१०, चेस्टरफील्डचा, माहेरचं आडनाव बेट्स, वडील टॅक्स इन्स्पेक्टर आणि पक्के समाजवादी, ब्रॅडफर्डला डाव्या विचारांचा पेपर चालवायचे. म्हणजे घरात जेवताना पण राजकारणच. मग ऑक्सफर्ड, मग पत्रकारिता, १९४४ ला टेड कासल ह्या पत्रकाराशी लग्न.

१९४५ ची निवडणूक आली, ब्लॅकबर्नला मजूर पक्षाच्या, म्हणजे लेबर पार्टीच्या, उमेदवारांच्या यादीत सगळे पुरुष. तिथल्या पक्षाच्या बायका अडून बसल्या की यादीत एक तरी बाई घ्या नाहीतर आम्ही काम सोडतो. त्यामुळे बार्बराचं नाव यादीत आलं आणि तिकीट पण तिलाच मिळालं. ब्लॅकबर्न म्हणजे लँकेशायरचं कापडगिरण्यांचं गाव, अगदी शेजारच्या डार्वेनला १९३१ मध्ये गांधीजी येऊन गेलेले, आपल्या परदेशी कापडाच्या बहिष्कारामुळे ज्यांचं काम गेलं त्या गिरणी कामगारांना भेटायला. तर ह्या गावात बार्बरा एका कुटुंबात राहिली, सूत कातणं, विणणं शिकून घेतलं, मतं मागायच्या आधी मतदारांचं काम काय असतं ते बघितलं. मला हे फार आवडतं. १९४५ पासून १९७९ पर्यंत ती तिथूनच निवडून येत राहिली, ३४ वर्षं.

मंत्री व्हायच्या आधीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तिकडे बायकांच्या सार्वजनिक संडासाच्या दारात फिरते अडसर असायचे, लोखंडी, स्टेशनवर असतात तसले. आता पोटुशी बाई, म्हातारी बाई, कडेवर पोर आणि हातात पिशव्या असलेली बाई त्यातून जाणार कशी? बायका अक्षरशः अडकायच्या. बार्बराने संसदेत खाजगी विधेयक मांडलं आणि १९६३ ला ते अडसर काढायचा कायदा करून घेतला. ह्या विषयावर मोठ्या सभागृहात उभं राहून गंभीरपणे बोलायला किती हिंमत लागते याचा विचार करा, आणि तेही साठ वर्षांपूर्वी. आणि हीच बाई १९५९ ला केनियातल्या होला छावणीत ब्रिटिशांच्या कैदेत ११ माणसं मारहाणीत मेली तेव्हा सरकारला धारेवर धरत होती, म्हणजे फक्त आपल्या मतदारसंघापुरतं तिचं राजकारण नव्हतं.

१९६५ च्या डिसेंबरमध्ये ती वाहतूकमंत्री झाली. तिला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती! आणि तिने काय केलं तर दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना हात घातला. ९ ऑक्टोबर १९६७ पासून पोलिसांच्या हातात श्वास तपासायचं यंत्र आलं, १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम दारू ही मर्यादा ठरली. त्याआधी कायदा होता पण मोजमाप नव्हतं, डॉक्टरसमोर सरळ रेषेत चालून दाखव वगैरे प्रकार, आणि त्यातून लोक सुटायचे. लोक इतके भडकले की तिला जिवे मारायच्या धमक्या आल्या, पबवाले चिडले, रेडिओवर तिलाच विचारलं गेलं की तू बाईमाणूस, तुला गाडी येत नाही, तुला ह्यातलं काय कळतं. आणि पहिल्या एका वर्षात रस्त्यावरचे मृत्यू ११०० हून जास्तने कमी झाले. अकराशे घरं हो. शिवाय ताशी ७० मैलांची वेगमर्यादा आधी तात्पुरती होती, ती हिने कायमची केली.

आता परत डॅगनमला येऊया. बार्बराने मधे पडून जो तोडगा काढला तो असा की बायकांना लगेच पुरुषांच्या रेटच्या ९२ टक्के, आणि पुढच्या वर्षी पूर्ण. संप मिटला. बऱ्याच ठिकाणी ही गोष्ट इथेच संपवतात, टाळ्या वगैरे, पण मला ते पटत नाही. कारण बायकांची मूळ मागणी पैशाच्या टक्क्याची नव्हतीच, ती ग्रेडची होती, आमच्या कामाला कौशल्य लागतं हे मान्य करा आणि वरची सी ग्रेड द्या. ते त्या दिवशी मिळालं नाही. ते मिळायला १९८४ उजाडलं, परत संप करावा लागला तेव्हा. म्हणजे १६ वर्षं, काही जणी तोवर निवृत्त पण झाल्या असतील.

पण बार्बराने तो संप वाया जाऊ दिला नाही हे पण तितकंच खरं. समान वेतनाचा कायदा तिने संसदेत आणला, २९ मे १९७० ला तो मंजूर झाला, आणि तीनच आठवड्यांत मजूर पक्ष निवडणूक हरला, म्हणजे थोडा उशीर झाला असता तर राहूनच गेलं असतं. कायद्यात कमतरता होती, मालकांना १९७५ च्या शेवटापर्यंत मुदत दिली, आणि जिथे फक्त बायकाच काम करतात तिथे तुलना कुणाशी करायची हा प्रश्न राहिला. तरी एक दार उघडलं गेलं.

ह्याच काळात तिने स्वतःचं नुकसान पण करून घेतलं. १९६९ ला युनियनच्या अचानक होणाऱ्या संपांवर बंधन आणणारा मसुदा तिने आणला, संपाआधी मतदान, २८ दिवस थांबायचं, असं. युनियनवाले उसळले, कॅबिनेटमधले जिम कॅलहॅन उघड विरोधात गेले, जूनमध्ये सगळं गुंडाळावं लागलं. एरवी पहिली महिला पंतप्रधान हीच होणार असं लोक म्हणत होते. माझं मत विचाराल तर तिने घाई केली, युनियन म्हणजे तिचीच माणसं, त्यांना आधी बरोबर घ्यायला हवं होतं. डॅगनमच्या बायकांना जसं बसवून ऐकलं तसं इथे झालं नाही.

१९७४ ला परत सत्ता आली, ती आरोग्य आणि सामाजिक सेवा खात्याची मंत्री झाली, आणि इथलं एक काम मला समान वेतनाइतकंच मोठं वाटतं, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. तोवर मुलांसाठीची करसवलत बापाच्या पगारात मिळायची, आईच्या हातात जो भत्ता यायचा तो दुसऱ्या मुलापासून पुढे. १९७५ च्या कायद्याने दोन्ही एकत्र करून पहिल्या मुलापासून थेट आईला पैसे द्यायचं ठरलं. बापाच्या पाकिटातून आईच्या पर्समध्ये. आणि ह्यावरून सरकारमध्येच चुळबूळ झाली, कारण पुरुषांचा हातात येणारा पगार कमी दिसणार ना!

मग १९७६ ला कॅलहॅन पंतप्रधान झाले आणि त्यांनी बार्बराला काढलं. कारण काय, तर तरुण माणसं हवीत. ती ६५ ची, ते स्वतः ६४ चे! तिने नंतर सांगितलं की ओठावर आलं होतं, मग जिम, सुरुवात तुझ्यापासून का नाही करत. ती गेल्यावर आईला पैसे द्यायची ती योजना पण लांबणीवर टाकली गेली, ओरड झाली तेव्हा कुठे १९७७ पासून टप्प्याटप्प्याने आली.

पण ती घरी बसली नाही. १० वर्षं युरोपच्या संसदेत, मग लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात. तिच्या वेळी म्हाताऱ्यांची पेन्शन लोकांच्या पगारवाढीला जोडलेली होती, थॅचरबाईंच्या सरकारने १९८० ला ते तोडलं, आणि मग तिच्याच पक्षाचं सरकार आलं तरी परत जोडेना, उलट २००० साली पेन्शन वाढवली किती तर आठवड्याला ७५ पेन्स, म्हणजे एक पौंड पण नाही. बार्बरा तेव्हा ८९ ची होती, नजर जवळजवळ गेलेली. पक्षाच्या अधिवेशनात उभी राहिली, आपल्याच अर्थमंत्र्याच्या विरोधात बोलली, आणि मतदान झालं तेव्हा नेतृत्व हरलं, पेन्शनवाले जिंकले. सरकारने तरी लगेच ऐकलं नाहीच. ३ मे २००२ ला ती गेली, आणि पेन्शन परत पगाराशी जोडायचा कायदा आला २००७ ला.