मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

(गोव्यातील फोंडा येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय 'राजकीय देणग्यांवरची कायदेशीर मर्यादा'. वाचून वाटेल की अशी एक मर्यादा आहे, आणि ती किती हे सांगायला वक्ता आलाय. तेव्हा तेवढे आधीच सांगून टाकतो. एका माणसाने एका पक्षाला वर्षाला किती पैसे द्यावेत यावर भारतात कसलीच मर्यादा नाही. पाच हजार द्या, पाच कोटी द्या. चेकने दिलेत तर कायदा अडवत नाही. उलट जुन्या करप्रणालीत त्या पूर्ण रकमेवर वजावट मिळते.

मर्यादा आहे ती उमेदवाराच्या खर्चावर. जानेवारी २०२२ मध्ये ती वाढवली, तेव्हा गोव्यासाठी विधानसभेला २८ लाख आणि लोकसभेला ७५ लाख ठरली. पक्षाने स्वतःच्या नावावर किती खर्च करावा याला पुन्हा मर्यादा नाही. घेणाऱ्या एका हातावर कुलूप, देणारा हात मोकळा, आणि मधला पक्ष तर पूर्ण मोकळा. आपल्या म्हाताऱ्या माणसांनी याला नेमके नाव देऊन ठेवले आहे: मोरीला बोळा, दरवाजा मोकळा. मला आज दरवाजाविषयी बोलायचे आहे. पण आधी मोरी आणि बोळा दाखवल्याशिवाय दरवाजा कळणार नाही, म्हणून थोडा धीर धरा.

फोंडा तालुक्यातल्या माणसांना जमाखर्च शिकवायला नको. देवळाच्या उत्सवाला कुणी शंभर रुपये दिले तरी पावती फाटते. महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या हक्कदार सभासदांच्या, सभेत हिशेब वाचला जातो, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी उठून विचारतोच की मांडवाला गेल्या वर्षापेक्षा जास्त का लागले. १९३३ च्या देवस्थान नियमावलीपासून मामलेदार हा प्रशासक म्हणून वर बसलेला आहे. शंभर रुपयांची ही शिस्त आपण पिढ्यानपिढ्या पाळत आलो. आता राजकीय पक्षाचे बघा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-सी प्रमाणे वर्षाला २०,००० रुपयांपेक्षा जास्त देणाऱ्याचेच नाव पक्षाने निवडणूक आयोगाला कळवायचे. एकाच माणसाने वर्षात अनेकदा दिले तर त्याची बेरीज धरायची, असा कलमाच्या शब्दांचा अर्थ होतो. पण आयकराच्या नियमात लहान रकमेच्या देणगीदाराचे नाव-पत्ता नोंदवून ठेवायची सक्तीच नाही. नावच लिहिले नाही तर बेरीज कुणाची करणार? २०१७ मध्ये रोख देणगी २,००० रुपयांवर आणली, तीही एका देणगीपुरती. दहा हजार रुपये दोन-दोन हजारांच्या पाच पावत्यांत वाटले की काम झाले.

आता बोळा. उमेदवाराने अर्ज भरला की त्याला खर्चाची नोंदवही मिळते. पानांना अनुक्रमांक, आणि रंग तीन. पांढरी पाने रोजच्या खर्चाची, गुलाबी रोकडीची, पिवळी बँकेची. अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते उघडायचे आणि सगळा पैसा, स्वतःचा असो की पक्षाचा, त्या खात्यातूनच फिरवायचा. एका माणसाला किंवा एका दुकानाला पूर्ण निवडणुकीत मिळून १०,००० पेक्षा जास्त रोख द्यायची नाही. प्रचाराच्या काळात ही वही तीनदा तपासणीला न्यायची. नाही नेली तर नोटीस, आणि तरीही टाळाटाळ केली तर प्रचाराच्या गाड्यांची परवानगी जाते.

सरकारच्या बाजूनेही एक वही चालू असते, तिला छाया नोंदवही म्हणतात. समजा, कोपरा सभा झाली. चित्रीकरण पथक येते, दुसरे पथक तो व्हिडिओ बघून मोजते: खुर्च्या किती, मांडव किती मीटरचा, स्पीकर किती, गाड्या किती, झेंडे, टोप्या, चहापाणी. प्रत्येक वस्तूचा दर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने पक्षांशी बोलून आधीच ठरवलेला असतो. गुणाकार करून आकडा छाया वहीत जातो. उमेदवाराने पांढऱ्या पानावर ५० खुर्च्या लिहिल्या आणि व्हिडिओत २०० दिसल्या, तर फरकाची नोटीस निघते. चुकते कुठे? उमेदवार मंडपवाल्याचे बिल दाखवतो, ते दरपत्रकापेक्षा कमी असते, कारण मंडपवाला ओळखीचा. किंवा खुर्च्या कुणीतरी 'दिल्या' असतात. फुकट मिळालेल्या वस्तूचीही दरपत्रकाप्रमाणे किंमत धरायची असते, कारण ती देणगीच आहे, हे पुष्कळ प्रचारप्रमुखांना शेवटच्या तपासणीला कळते.

ही माणसे, शिक्षक, लेखापाल, महसूल खात्यातले कारकून, रात्री बारापर्यंत व्हिडिओ थांबवून खुर्च्या मोजतात. त्यांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे. म्हणूनच चीड येते की कायद्याने त्यांना मोरीशी बसवले आहे.

एक हिशेब करा. गोव्यात २०२२ ला साडेअकरा लाखांच्या वर मतदार आणि ४० मतदारसंघ. सरासरी २९ हजार मतदार. २८ लाख भागिले २९ हजार, म्हणजे डोईमागे सुमारे ९७ रुपये. महाराष्ट्रात २०२४ ला ९ कोटी ७० लाख मतदार, २८८ जागा, मर्यादा ४० लाख. डोईमागे १२ रुपये. लोकसभेला आपलाच मतदार १३ रुपयांत बसतो. म्हणजे विधानसभेची मर्यादा गोव्यातल्या उमेदवाराला कमी पडते ही तक्रार आकड्यांत टिकत नाही. तरी ती केली जाते, कारण खरा खर्च वहीच्या बाहेर असतो.

वहीच्या बाहेर तो कसा जातो? पहिली वाट तारखेची. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे खर्च मोजायचा तो अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत. २०२२ ला अर्ज २१ ते २८ जानेवारीत भरले गेले, मतदान १४ फेब्रुवारीला, निकाल १० मार्चला. म्हणजे प्रचाराचे जेमतेम तीन आठवडे. पण आपल्याकडे निवडणूक सुरू होते ती आधीच्या गणेशचवथीला. माटोळीचे, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या सजावटीचे, सामान, नारळ, रव्या-साखरेच्या पिशव्या घरोघर येतात. मग क्रिकेट स्पर्धेच्या जर्सी, तीर्थयात्रेच्या बसेस, नाटकाला देणगी. पिशवीवर फोटो छापलेला असतो, पण फोटोतला माणूस कायद्याने अजून उमेदवार नसतो. चार-साडेचार महिन्यांचा खर्च शून्य आणि तीन आठवड्यांच्या खुर्च्या मोजायच्या! ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणुकीला पक्षाचा खर्च आधीच्या ३६५ दिवसांचा धरतात. आपल्या विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात निदान अधिसूचनेच्या तारखेपासून मोजा, एवढे तरी सुचवले. तेही झाले नाही.

दुसरी वाट पक्षाची, आणि हिची गोष्ट नीट सांगितलीच पाहिजे. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दिल्लीच्या 'सदर' नावाच्या मतदारसंघात अमरनाथ चावला निवडून आले, कंवरलाल गुप्ता हरले. गुप्तांनी याचिका केली की चावलांसाठी पक्षाने केलेला खर्च त्यांच्या हिशेबात धरला तर मर्यादा ओलांडली जाते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर १९७४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलेल्या निकालात गुप्तांचे म्हणणे मान्य झाले. उमेदवाराला ठाऊक असताना, त्याच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी जो खर्च केला तो उमेदवाराचाच खर्च. नाहीतर मर्यादेला अर्थच राहत नाही. साधे शहाणपण आहे हे. मुलाच्या लग्नाचा खर्च बापाने केला म्हणून लग्न फुकटात झाले असे कुणी म्हणते का?

आणि पुढे काय झाले? त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढला. मग कायदा केला. पक्षाने, मित्रांनी, कुणीही केलेला खर्च उमेदवाराच्या खात्यात धरायचा नाही, असे स्पष्टीकरण कलम ७७ ला जोडले. तारीख लक्षात ठेवा, १९७४. ते स्पष्टीकरण २००३ पर्यंत जिवंत होते, २९ वर्षे. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ते आव्हानात टिकलेसुद्धा. त्या २९ वर्षांत ज्यांनी ज्यांनी हिशेब दिला त्या सगळ्यांचा हिशेब कायद्याने बरोबर होता, आणि हेच मला सर्वांत जास्त लागते. खोटे बोलायची गरजच कायद्याने ठेवली नाही.

२००३ मध्ये सूट आक्रसली. आता फक्त स्टार प्रचारकाचा प्रवास वगळतात. मान्यताप्राप्त पक्षाला असे ४० प्रचारक, इतरांना २०. उमेदवार त्यांच्यासोबत हेलिकॉप्टरात बसला तर निम्मे भाडे त्याच्या खात्यात. सभेत व्यासपीठावर बसला किंवा फलकावर त्याचे नाव-फोटो आला तर सभेचा खर्च त्याचा, दोन उमेदवार असतील तर समान वाटून. म्हणून मोठ्या सभांना काही वेळा स्थानिक उमेदवार व्यासपीठावर दिसत नाही. पक्षाच्या चिन्हाची सर्वसाधारण जाहिरात मात्र आजही कोणत्याच उमेदवाराच्या खात्यात जात नाही.

जाता जाता, जुन्या दंडसंहितेत कलम १७१-एच होते. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च केला तर दंड ५०० रुपयांपर्यंत. आणि खर्च दहा रुपयांच्या आत असेल तर दहा दिवसांत परवानगी घेऊन सुटका. हे दहा रुपये १९२० चे. दंड आता न्याय संहितेत १०,००० रुपयांपर्यंत गेला आहे, पण हे कलम लावलेले तुमच्यापैकी कितीजणांनी ऐकले?

(चिठ्ठी येते.) दहा मिनिटे म्हणताहेत. बरे, मग आता दरवाजा, आणि भरभर.

कंपन्यांवर मर्यादा आहे. १९६९ ला कंपनी देणग्यांवर बंदी आली, १९८५ ला ५ टक्क्यांची मुभा मिळाली, २०१३ च्या कंपनी कायद्यात साडेसात टक्के: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या. नफा २, ३ आणि १ कोटी असेल तर सरासरी २ कोटी, वर्षाला १५ लाख. कंपनी तीन वर्षे जुनी हवी, संचालक मंडळाचा ठराव हवा. २०१७ मध्ये ही मर्यादा काढली आणि २०१८ पासून निनावी निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रोखे घटनाबाह्य ठरवले, साडेसात टक्के परत आणले, आणि कोणत्या पक्षाला दिले हे कंपनीने सांगायची सक्तीही परत आली. चांगला निकाल. पण तो कंपनीपुरता. भागीदारी पेढी, एकट्याचा धंदा, एकटा माणूस यांना मर्यादा तेव्हाही नव्हती, आजही नाही.

अमेरिकेत आपल्या बरोबर उलटे. १९७६ च्या निकालाने तिथे खर्चाची मर्यादा उडाली, देणगीची राहिली. २०२५-२६ साठी एका माणसाला एका उमेदवाराला एका निवडणुकीत ३,५०० डॉलर. तिथे स्वतंत्र खर्चाच्या, म्हणजे उमेदवाराशी न ठरवता बाहेरच्यांनी केलेल्या खर्चाच्या, वाटेने, विशेषतः २०१० नंतर, पैसा आत शिरला. म्हणजे एकच बाजू बंद करून भागत नाही हे दोन्ही देशांनी सिद्ध केले आहे.

माझे म्हणणे असे. देणाऱ्यावर मर्यादा: एका माणसाने वर्षाला सगळ्या पक्षांना मिळून, त्या राज्याच्या विधानसभा मर्यादेच्या दहा टक्के. गोव्यात २ लाख ८० हजार. भागीदारी पेढीची देणगी भागीदारांच्या खात्यात वाटून धरायची. प्रत्येक रोख देणगीला मतदार ओळखपत्राचा क्रमांक, मग २०,००० ची बेरीज आपोआप होते. पक्षावर मर्यादा: लढवलेल्या जागा गुणिले उमेदवाराची मर्यादा, त्याच्या निम्मी. ४० जागांना ५ कोटी ६० लाख. आणि खर्च मोजायचे घड्याळ विधानसभेची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी सुरू करायचे. मुदत घटनेने ठरलेली असते, तारीख कुणालाही काढता येते. मध्यावधी निवडणूक आली तर अधिसूचनेपासून. विरोध होईल की देणगी हेही मत व्यक्त करणे आहे. आहे, म्हणूनच बंदी मागत नाही, माप मागतो.

शेवटचे, आणि हे उद्यापासून करता येण्यासारखे आहे. निकालापासून ३० दिवसांत उमेदवाराने हिशेब दिला पाहिजे, नाही दिला तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. निवडणूक याचिकेची मुदत ४५ दिवस. २०२२ च्या तारखा घ्या: १० मार्चला निकाल, हिशेब ९ एप्रिलपर्यंत, याचिका २४ एप्रिलपर्यंत. शेवटच्या दिवशी हिशेब आला तर वाचायला, पुरावा गोळा करायला आणि पर्वरीला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जायला पंधरा दिवस उरतात. हिशेब आला की दोन दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने फलकावर सूचना लावायची असते. ती रोज जाऊन पाहा. निवडणूक नियमांतल्या नियम ८८ प्रमाणे एक रुपया शुल्क भरून कुणीही, अगदी कुणीही, तो हिशेब पाहू शकतो, वेगळे शुल्क भरून साक्षांकित नक्कल घेऊ शकतो. अर्जात उमेदवाराचे नाव, मतदारसंघ आणि वर्ष लिहा, नियमाचा क्रमांक घाला. वही समोर आली की पांढऱ्या पानांवर वेळ घालवू नका, खुर्च्या मोजून झालेल्या असतात. आधी पिवळी पाने उघडा. पैसा कुणाकडून आला ते तिथे असते.