एका खेपेत

श्रोतेहो, नमस्कार.

वैद्यकशास्त्रातल्या मोठ्या बातम्या हल्ली आपल्या मुंबईतूनही निघतात. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल या दोघांनी मिळून रक्ताच्या काही कॅन्सरांवर कार-टी उपचार तयार केला, त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी परवानगी मिळाली. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायच्या. अचाट काम आहे. पण आज मी त्यावर बोलणार नाही.

मी वस्त्यांमधून फिरलेली आरोग्यसेविका. नवं संशोधन कानावर आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात बाईची खेप वाचली का? मानखुर्दहून निघायचं, कुर्ल्याला गाडी बदलायची, परळला उतरायचं, केसपेपरची रांग, मग डॉक्टरांची रांग, आणि शेवटी ऐकायचं काय, तर ‘पुढच्या मंगळवारी या’. घरकाम करणारी बाई पुढच्या मंगळवारी येत नाही. तिची इच्छा नसते असं नाही. एका खाड्याचे पैसे कापले जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यात या रांगांच्या आसपास बायकांसाठी धड मुतारी नसते. मुंबईत उड्डाणपूल किती झाले ते मोजतात, हे कोणी मोजत नाही. असो.

तर आजचा विषय गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. पुन्हा सांगते, पिशवीचं जे तोंड असतं, तिथला कॅन्सर. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे तो होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक बायकांच्या अंगात कधी ना कधी येऊन जातो. येऊन जातो म्हणजे खरंच जातो, एक-दोन वर्षांत शरीर त्याला हुसकावून लावतं. कोणाच्या चारित्र्याचा इथे काही संबंध नाही, एवढं सासवांनी लक्षात ठेवावं. काही जणींच्या अंगात मात्र तो ठाण मांडून बसतो, आणि त्यातून कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षंसुद्धा लागतात. पंधरा-वीस वर्षं, श्रोतेहो! म्हणजे पकडायला वेळच वेळ आहे. तरीही बाया दगावतात, कारण तपासणीच होत नाही.

जुनी तपासणी पॅप स्मिअरची. पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हलकेच खरवडून काचपट्टीवर घ्यायच्या, प्रयोगशाळेत पाठवायच्या, रिपोर्टला काही दिवस थांबायचं. गडबड निघाली तर पुन्हा बोलावणं, दुर्बिणीची तपासणी, तुकडा काढणं, त्याचा रिपोर्ट, मग उपचार. खेपा मोजा तुम्हीच. परदेशात याच तपासणीने लाखो जीव वाचले, तिला नावं ठेवायची नाहीत. पण तिथे बाईला घरी पत्र जातं आणि ती येते.

टाटा मेमोरियलच्या मंडळींनी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधून एक अभ्यास सुरू केला. दीड लाखाहून अधिक बायका, वय ३५ ते ६४. तपासणीचं साधन काय? सिरका! वैद्यकीय भाषेत ॲसेटिक ॲसिडचं तीन ते पाच टक्क्यांचं पाणी. कापसाच्या बोळ्याने ते पिशवीच्या तोंडाला लावायचं आणि एक मिनिट थांबायचं. बिघडलेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा डाग उमटतो. नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आणि हे बघणाऱ्या कोण? दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या साध्या बायका. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांनी हिशोब मांडला तेव्हा तपासलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले. दुसऱ्या गटाला फक्त माहिती दिली होती, तपासणी नव्हती. त्यावरून पुढे बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता असं माझं मत आहे. पण उत्तर मिळालं. एक मिनिट, सिरका आणि शिकवलेले डोळे.

(घरातला सिरका घेऊन कोणी उद्योग करू नका हं. व्हॉट्सॲपवर काय काय फिरतं, म्हणून सांगते.)

आता ती गोष्ट. मला ओळखणाऱ्यांनी ती बऱ्याचदा ऐकली असेल, त्यांनी तोवर चहा टाकावा.

त्या अभ्यासानंतर अशी शिबिरं ठिकठिकाणी व्हायला लागली. असंच एक आम्ही शिवडीच्या बाजूला घेतलं होतं. पहिल्या वेळी हॉल रिकामा. डॉक्टरीणबाई, मी आणि एक पंखा. तपासणी कुठली आहे हे कळलं की बाया मान खाली घालून सटकायच्या. मग मंडळाच्या चिटणीस वहिनींनी शक्कल काढली. संक्रांत तोंडावर आली होती. म्हणाल्या, हळदीकुंकू ठेवू, वाण चांगलं देऊ, आतल्या खोलीत तुम्ही तुमचं टेबल लावा. हळदीकुंकवाला नाही म्हणणारी बाई मला दाखवा! स्टीलचे डबे आणले, तिळगूळ केला, आतल्या खोलीला जुन्या चादरींचा पडदा लावला. बाहेर उखाणे, आत तपासणी.

तास-दीड तास झकास चाललं. मग माझं लक्ष जिन्याकडे गेलं. जिन्याखाली एक मावशी उभी. मासेवाली. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलायची, चाळीचाळीतून विकायची आणि दुपारी घरी जायची. वय चाळिशीच्या जरा पुढे. पाटी जिन्याखाली टेकवलेली, आणि नुसती हॉलकडे बघत उभी.

म्हटलं, “मावशी, या की वर.”

तर म्हणाली, “मी नाय येत. माजं कपाल बघतेस ना?”

कपाळ कोरं होतं. नवरा जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. आणि मला चरचरलं, कारण वाण कोणाला, बोलावणं कोणाला हे ठरवताना आम्ही शहाण्या बायकांनी निम्मी वस्ती आधीच वगळून टाकली होती. श्रोतेहो, विधवा बाईला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत ही गोष्ट मला तेव्हाही पटत नव्हती, आता तर मुळीच पटत नाही. कॅन्सर काय कपाळ बघून येतो? मी चिटणीस वहिनींकडे गेले. त्या जरा घुटमळल्या. त्यांच्या सासूबाई खुर्चीतच बसल्या होत्या ना. पण मग स्वतः दाराशी आल्या आणि म्हणाल्या, “मावशी, तिळगूळ घ्यायला तर चला.”

मावशी म्हणाली, “आणि माझी पाटी कोन बगनार? मांजरी सुटल्यात.”

पाटीजवळ एका पोराला बसवलं. मावशी आत आली, टेबलावर आडवी झाली आणि आडवी होताहोताच विचारलं, “हा कसला वास? हाटेलात कांद्यावर टाकतात त्याचा?” म्हटलं, तोच. “मग त्याचे पैसे किती?” काही नाही. “मग ठीक.”

डॉक्टरीणबाईंनी बोळा लावला आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. साठ सेकंद. तेवढ्या वेळात मावशीने त्या पोराला तीन शिव्या हासडल्या, कारण बाहेरून मांजराचा आवाज येत होता. आणि मग डॉक्टरीणबाई गप्प झाल्या. मला खुणेने जवळ बोलावलं, दिवा धरायला लावला. डाग होता. स्पष्ट, कडेला नीट रेघ असलेला, दुधाच्या सायीसारखा पांढरा. त्यांनी दुर्बिणीतूनही बघितलं. कॅन्सर नव्हता, त्याच्या आधीची पायरी होती. लहान डाग, तिथल्या तिथे गोठवून काढता येण्याजोगा.

त्या दिवशी आमच्याकडे गोठवायचं यंत्र होतं. गॅसचा नळकांडा, त्याला नळी, आणि पुढे एक थंडगार टोक. तीन मिनिटं गोठवायचं, पाच मिनिटं सोडायचं, पुन्हा तीन मिनिटं गोठवायचं. भूल लागत नाही, पोटात थोडी कळ येते. डॉक्टरीणबाईंनी मावशीला सगळं सांगितलं. आज करता येईल, नको असेल तर घरी विचारून नंतर या, असंही सांगितलं.

मावशी म्हणाली, “घरी कोनला विचारू, मांजरीला? म्हंजे काय करनार, बरफ लावनार?”

“तसंच समजा.”

“मग लावा की! माजी मासळी बरफात टिकते, मी नाय टिकनार?”

श्रोतेहो, पडद्याबाहेर शंभर एक बाया तिळगूळ खात बसल्या होत्या, त्या सगळ्यांनी ते ऐकलं. असा हशा पिकला की खुर्चीतल्या सासूबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या.

अकरा मिनिटांत काम झालं. मावशी उठली, लुगडं सारखं केलं आणि बाहेर येऊन पहिला प्रश्न, “माझं वाण कुठाय?” डबा घेतला, काखेत मारला. मग खाली जाऊन बघते तर पापलेटाची जोडी गायब, पोरगा पतंगामागे पळालेला. पुन्हा वर आली आणि त्या जोडीचे पैसे डॉक्टरीणबाईंकडून रोख वसूल केले. बाजारभावाने! पण त्यानंतर जे केलं ते आम्हाला सात शिबिरांत जमलं नसतं. गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि मासळीची हाळी द्यावी तशी हाळी दिली, “चला गं, एका मिन्टाचं काम हाय, डबा फुकट!” कोळणीचा आवाज तो, पार रस्त्यापर्यंत गेला असणार. संध्याकाळपर्यंत डबे संपले. आणि कोऱ्या कपाळाच्या किती बाया आल्या म्हणून सांगू! पुढच्या वर्षी वहिनींनी बोलावण्याच्या चिठ्ठीवर ‘सर्व महिलांनी’ असं लिहिलं. सासूबाईंनी काही हरकत घेतली नाही.

आता मला सांगा, याच मावशीला ‘पंधरा दिवसांनी रिपोर्ट न्यायला या’ म्हटलं असतं, तर ती आली असती? धक्का सोडून?

वेळ थोडा राहिलाय, बाकीचं भरभर सांगते.

सिरक्याच्या चाचणीला मर्यादा आहेत. बघणारीच्या डोळ्यांवर ती अवलंबून, आणि पाळी गेलेल्या वयात डाग नीट दिसत नाही. त्याहून सरस चाचणी आली आहे ती थेट विषाणूच शोधण्याची, एचपीव्हीची चाचणी. आपल्याच धाराशिवमध्ये, तेव्हाच्या उस्मानाबादेत, खेड्यापाड्यातल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर तिचा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो छापून आला. आयुष्यात एकदाच केलेल्या या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या, हे ऐका. जागतिक आरोग्य संघटना आता म्हणते की ही चाचणी पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा व्हावी. पस्तीस आणि पंचेचाळीस. शिवाय याचा नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो, मोरीचं दार लावून. लाजेचा प्रश्न मिटला. क्षयरोगाचं निदान करतात त्या जातीच्या छोट्या यंत्रावर उत्तर तासाभरात मिळू शकतं. अशी यंत्रं आपल्याकडे क्षयासाठी बसवलेली आहेतच. त्यांच्यावर दोन्ही कामं का घेत नाहीत, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

आणि लस. मुलींना ९ ते १४ या वयात द्यायची. आधी तिचे तीन डोस होते, म्हणजे तीन खेपा. २००९ मध्ये भारतात एक अभ्यास सुरू झाला, त्यात पुणे आणि बार्शीही होती. दोन डोस पुरतात की तीन लागतात, एवढंच बघायचं होतं. पण २०१० च्या एप्रिलमध्ये एका वेगळ्याच लसीकरण प्रकल्पावरून वादळ उठलं आणि सरकारने सगळंच थांबवलं. जवळजवळ पाच हजार मुली एकाच डोसवर राहिल्या. अभ्यास फसला म्हणून कोणीही गाशा गुंडाळला असता. यांनी तसं केलं नाही, त्या मुलींच्या मागावर राहिले, वर्षानुवर्षं. आणि दहा वर्षांनी दिसलं की एका डोसचं संरक्षणही जवळपास तेवढंच आहे! त्याच्यासारख्या पुराव्यांवरून २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोससुद्धा चालेल असं सांगितलं. तीन खेपांची एक झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक नावाची लसही आता आहे. तुमच्या मुलीच्या वयाला किती डोस, ते डॉक्टरांना विचारा. एचआयव्ही असेल तर एक पुरत नाही. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी सुटत नाही. पुन्हा सांगते, लस घेतली तरी तपासणी सुटत नाही.

पाळी नसताना रक्त जाणं, संबंधांनंतर रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावर जाणं, वास येणारं पांढरं पाणी जाणं, यातलं काहीही असेल तर शिबिराची वाट बघू नका, सरळ पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग विभागात जा. काहीच त्रास नसेल आणि वय तीसच्या पुढे असेल, तर तिथेच तपासणीसाठी विचारा. पाळीचे दिवस सोडून जा. आणि निघण्याआधी खिडकीवर एवढं विचारून घ्या की डाग निघाला तर उपचार त्याच दिवशी करता का. नाही म्हणाले तर कुठे करतात, ते कागदावर लिहून मागा.

नमस्कार.