मिसळीवरचं लिंबू

(गोदाघाटावरचा भाजीबाजार. सकाळ.)

द्राक्षांच्या गावात उभं राहून हे बोलणं जिवावर येतं, पण क जीवनसत्त्वाच्या बाबतीत द्राक्ष तसं गरीबच. १०० ग्रॅममागे ३-४ मिलिग्रॅम. शेजारच्या पाटीतला पेरू तेवढ्याच वजनात २०० च्या पुढे जातो.

(पाटीभोवती घुटमळणारी शेळी.)

हिला पेरू नाही मिळाला तरी बिघडत नाही. शेळीचं यकृत साखरेपासून हे जीवनसत्त्व स्वतःच बनवतं. माणसाचं त्या कामाचं जनुक फार पूर्वीच निकामी झालंय. आपली सगळी भिस्त ताटावर.

साठाही फारसा नाही, दीड ग्रॅमच्या आसपास. महिनोन्‌महिने काहीच पोटात गेलं नाही, तर हिरड्यांतून रक्त येतं, दात हलतात, भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात. हा स्कर्व्ही. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं १२ आजारी खलाशांवर दोघा-दोघांच्या जोड्यांत वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री-लिंबं मिळालेली जोडी आठवड्याच्या आत सावरली.

कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्या यांना बांधून ठेवतं ते कोलॅजन, तीन पेडांचा दोर. त्याला पीळ टिकावा म्हणून जी विकरं (एन्झाइम) राबतात, त्यांच्या पोटात लोहाचा एकेक अणू असतो. काम करता करता तो निकामी होतो. क जीवनसत्त्व त्याला इलेक्ट्रॉन देतं आणि पुन्हा कामाला जुंपतं.

(मिसळीचं ताट. लिंबाची फोड पिळणारा हात.)

इथेही तोच इलेक्ट्रॉन. मटकीतलं लोह आतड्यात सहजासहजी शिरत नाही. लिंबानं त्याचं रूप बदलतं आणि वाट मोकळी होते. रक्त कमी असलेल्यांना लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगतात, ते याचसाठी. फोड मात्र ताटात आल्यावरच पिळायची. उकळत्या रश्श्यात हे जीवनसत्त्व टिकत नाही.

सर्दीच्या बाबतीत त्याचं जरा जास्तच कौतुक झालं. रोज गोळ्या घेऊनही सर्दी टळत नाही, थोडी लवकर ओसरते इतकंच. नाक वाहू लागल्यावर सुरू केल्या, तर तेवढीही खात्री नाही. जास्तीचं लघवीवाटे जातं, जाताना काहीचं ऑक्झलेट होतं, आणि बरेचसे मुतखडे त्याचेच बनतात. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मोठ्या मात्रेच्या वाटेला जाऊ नये.

(ताट उचललं जातं. कटिंग येतो.)

आणि हा चहा. यातली टॅनिनं मटकीतलं लोह अडवून धरतात. लिंबू त्यातलं थोडंफारच सोडवतं. तासाभरानं मागवला असता तर बरं झालं असतं.