मोरब्याच्या पाण्याचा माग

(दृश्य: जुलैतलं मोरबे धरण, मागे ढगात बुडालेला इर्शाळगड.)

नवी मुंबईच्या नळाला पाणी येतं ते खालापुरातल्या या धरणातून. धरणात ते आणलं पावसानं. पण पावसानं कुठून आणलं?

(दृश्य: वाशीचा खाडीपूल.)

पुलावरून बघताना वाटतं, एवढी खाडी पसरलीय, हिचीच वाफ वर जाऊन बरसत असणार. वाफ जाते, पण पावसातला तिचा वाटा अगदी किरकोळ. वाफ हवेत सरासरी ८ ते १० दिवस राहते आणि मान्सूनचा वारा तेवढ्यात हजारो किलोमीटर कापतो.

हा माग हवामानाच्या मॉडेलमध्ये काढता येतो. संगणकात पृथ्वीचे चौकोन पाडलेले असतात. कुठून किती पाणी वाफ झालं, वाऱ्यानं ते कुठे नेलं, कुठे ओतलं, याचा जमाखर्च सतत चालू असतो. १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांनी या वाफेवर शिक्के मारायला सुरुवात केली. सोमालियाजवळच्या समुद्राचा शिक्का वेगळा, दक्षिण हिंदी महासागराचा वेगळा, गंगेकाठच्या भातखाचरांचा आणखी वेगळा. पाऊस पडला की त्यात कोणत्या शिक्क्याचं पाणी किती, ते मोजायचं.

(दृश्य: नकाशा. वाऱ्याची रेषा कोकणातून मागे सरकते.)

जुलैच्या पावसाची रेषा अरबी समुद्र ओलांडते, सोमालियाच्या किनाऱ्यालगत वळते आणि विषुववृत्ताखाली उतरते. तिथे दक्षिण गोलार्धात तेव्हा हिवाळा असतो! साधारण दीड किलोमीटर उंचीवरून धावणारा हा वारा म्हणजे सोमाली जेट. हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये त्याचं वर्णन केलं.

परतीच्या पावसाची तऱ्हा निराळी. तो दुपारनंतर घाटाकडून गडगडत येतो. तेव्हा भिजलेली जमीन आणि झाडंही हवेत पाणी सोडत असतात.

मॉडेलवर विश्वास कितपत ठेवायचा? पडताळा पावसाच्या पाण्यातच असतो. जड ऑक्सिजनचं, म्हणजे किंचित जास्त वजनाच्या ऑक्सिजन अणूंचं, प्रमाण वाफेच्या प्रवासानुसार बदलतं. मात्र मुसळधार पावसात हीच खूण पुसट होते, त्यामुळे एकट्या तिच्यावर निकाल देता येत नाही.

खरी अडचण सह्याद्रीची. ईआरए५ या हवामानाच्या युरोपीय माहितीसंचाचा एक चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा. बेलापूरची खाडी आणि माथेरानचा कडा त्या एकात मावू शकतात. वाफ कोणत्या समुद्रातून निघाली हे त्यावरून बऱ्यापैकी कळतं. ती मोरब्याच्या पाणलोटात पडली की डोंगरापलीकडे, हे बघायला पर्जन्यमापकच लागतो.